बाल्टिमोरहून जामखेडला : एका शिष्यवृत्तीचा उलटा प्रवास (थ्रेड)

बीडहून जामखेडला जाणारा रस्ता पाटोद्यावरून सौताड्याला येतो. तेथे विंचरणा नदी बालाघाटच्या कड्यावरून दरीत झेपावते. पावसाळ्यात हा धबधबा पाहायला गर्दी लोटते. उन्हाळ्यात मात्र तेथे ओला दगडही सापडत नाही. घाट उतरून थोडे पुढे गेले की बीड जिल्हा संपतो आणि अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. आजच्या प्रवाशाला या हद्दीची जाणीव एखाद्या पाटीपुरतीच होते. इतिहासात मात्र ही रेघ बरीच जाड होती.

याच जामखेड तालुक्यातील खर्ड्याजवळ मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. पुढे जामखेड इंग्रजी मुलखात गेले आणि शेजारचे आष्टी, पाटोदा, बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहिले. संस्थानाचे चलन वेगळे (हाली शिक्का), जकात वेगळी, दरबाराची भाषा वेगळी. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईपर्यंत पाटोद्याचा शेतकरी जामखेडच्या बाजारात आला, तर तो दुसऱ्या राज्यात आलेला असे.

उच्च शिक्षणाच्या बाबतीत तर ही रेघ अधिकच खोल होती. बीडच्या तरुणासाठी विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला पदवीसाठी शेकडो मैल दूर जाऊन परक्या भाषेत शिकावे लागे. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ मध्ये, औरंगाबादला. ‘परदेशी शिक्षण’ या शब्दाला या मुलखात असा एक घरगुती अर्थही होता.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की १९७० मध्ये याच हद्दीवरच्या गावात दोन डॉक्टर थेट अमेरिकेतील बाल्टिमोरहून येऊन राहिले. ते फुलब्राइट शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेले भारतीय विद्यार्थी होते. त्यांनी तेथून काय आणले, त्यातले येथे काय टिकले, काय मोडून पडले, आणि पुढे परदेशी विद्यापीठांतील विद्यार्थीच शिकण्यासाठी या दुष्काळी गावात का येऊ लागले, हा या थ्रेडचा विषय आहे. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी-विनिमय म्हटले की विमानतळावरचे निरोप आणि परदेशी विद्यापीठांच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. त्या चित्रात जामखेड सहसा नसते.

प्रथम फुलब्राइटविषयी. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याचे अवाढव्य सामान जगभर पडून होते. ते परत नेणे परवडणारे नव्हते आणि विकत घेणाऱ्या देशांकडे डॉलर नव्हते. आर्कान्साचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी यावर तोड सुचवली : त्या त्या देशाने स्थानिक चलनात पैसे द्यावेत आणि त्या पैशांतून विद्यार्थी व अध्यापक यांची देवाणघेवाण चालवावी. फुलब्राइट स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले होते. ऑगस्ट १९४६ मध्ये त्यांच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी. भारताच्या वतीने सही पंडित नेहरूंची. युद्धातल्या भंगारातून शिष्यवृत्त्या निघाल्या, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त नाही.

यामागे निव्वळ विद्याप्रेम होते असे समजण्याचे कारण नाही. शीतयुद्ध सुरू झाले होते आणि नव्याने स्वतंत्र होणाऱ्या देशांतील हुशार तरुण कोणाच्या बाजूला झुकतात, याची चिंता वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोघांनाही होती. अमेरिकेत शिकलेला माणूस अमेरिकेचा मित्र होऊन परत जाईल, हा त्यामागचा हिशेब. हिशेबात ‘परत जाईल’ हे गृहीत होते. म्हणूनच १९५६ च्या अमेरिकी कायद्याने विनिमय-व्हिसावर आलेल्यांना शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट घातली.

मराठी माणसाला अमेरिकेतील विद्यापीठे तोवर अपरिचित नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाल्या आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकवीस. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परतल्यावर त्याच बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. आपल्या इतिहासातील या दोन सर्वांत प्रसिद्ध परदेशी शिक्षणांच्या कथांत एक समान धागा आहे : विद्या मिळवण्यापेक्षा ती घेऊन परत आल्यावर काय होते, हा प्रश्न अधिक अवघड ठरला.

आता जामखेडकडे वळू. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातले, जन्म १९३४. मेबल इमॅन्युएल यांचा जन्म १९३५ चा, जबलपूरचा. दोघांची भेट तामिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाली. हे महाविद्यालय अमेरिकी मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर यांनी १९१८ मध्ये केवळ स्त्रियांसाठी काढले होते; पुरुषांना तेथे प्रवेश मिळू लागला तो १९४७ पासून. १९५९ मध्ये दोघेही डॉक्टर झाले. मेबल वर्गात पहिल्या आल्या आणि रजनीकांत दुसरे, हे ते स्वतः हसत हसत मान्य करीत असत, अशी आठवण सांगितली जाते. १९६० मध्ये त्यांचा विवाह झाला. दोघांचा संकल्प एकच होता : खेड्यात काम करायचे.

त्यानुसार १९६२ पासून नगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काम केले. रुग्णालय छोटे आणि रुग्णांची रीघ मोठी. धनुर्वात झालेली नवजात बालके, हगवणीने सुकून गेलेली मुले, दोन दोन दिवस अडलेल्या बाळंतिणी. दिवसरात्र राबल्यानंतर दोघांच्या लक्षात एक गोष्ट आली. येणाऱ्या आजारांपैकी बहुतेक आजार मुळात व्हायलाच नको होते. बरे करून घरी पाठवलेले मूल काही आठवड्यांनी त्याच आजाराने परत येई, कारण घरचे पाणी तेच आणि ताटही तेवढेच रिकामे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जिंकलेली लढाई उंबरठ्यावर हरली जात होती. वेल्लोरला त्यांना उत्तम वैद्यक शिकवले गेले होते. या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या वैद्यकात नव्हते.

ते शोधण्यासाठी १९६६ च्या सुमारास फुलब्राइट शिष्यवृत्तीवर दोघे अमेरिकेला गेले. क्लीव्हलंड येथे निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घेतले आणि त्यानंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. हॉपकिन्सचे सार्वजनिक आरोग्य विद्यालय १९१६ मध्ये स्थापन झालेले, या विषयातील जगातील अग्रणी. तेथे त्यांना गुरू भेटले ते कार्ल टेलर. टेलर अमेरिकी असले तरी त्यांचा जन्म मसुरीचा. आईवडील मिशनरी डॉक्टर, बालपण भारतातल्या खेड्यापाड्यांत गेलेले. पंजाबात लुधियानाजवळच्या नारंगवाल या गावी ते त्या काळात ग्रामीण आरोग्याचा मोठा संशोधन प्रकल्प चालवीत होते. म्हणजे भारतातल्या खेड्यांबद्दल शिकायला दोन भारतीय डॉक्टर बाल्टिमोरला गेले आणि त्यांना शिकवणारा प्राध्यापक मसुरीत जन्मलेला. विनिमयाच्या वाटा अशा वाकड्या असतात.

या ठिकाणी काळाचे भान ठेवायला हवे. १९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियाई लोकांवरची जुनी बंधने उठली. व्हिएतनाम युद्ध चालू होते, वृद्धांसाठी व गरिबांसाठी सरकारी आरोग्यविमा नुकताच सुरू झाला होता आणि अमेरिकी रुग्णालयांना डॉक्टर पुरत नव्हते. भारतीय वैद्यकीय पदवीधरांना दारे सताड उघडी होती. त्या वर्षांत गेलेले हजारो डॉक्टर तेथेच स्थिरावले. ‘ब्रेन ड्रेन’ हा शब्द भारतीय वृत्तपत्रांत रुळला तो याच काळात. १९७० मध्ये तर दोन वर्षे मायदेशी परतण्याच्या अटीची व्याप्तीही अमेरिकेने कमी केली. आरोळे दाम्पत्य नेमके त्याच वर्षी परतले.

परतताना त्यांच्याजवळ एक आराखडा होता. बाल्टिमोरला शिकत असतानाच त्यांनी तो तयार केला होता. एक मध्यवर्ती छोटे रुग्णालय, त्याभोवतीची खेडी, गावागावांत प्रशिक्षित परिचारिका, आणि भर उपचारांपेक्षा प्रतिबंधावर. एक अट त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती : जेथील लोक बोलावतील तेथेच जायचे. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावले. दवाखान्याला जागा मिळाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची. अमेरिकेत सहा-सात मजली रुग्णालयांत काम करून आलेल्या दोन डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला तो असा. समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प हे त्याचे नाव.

आणि आता या कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाल्टिमोरमध्ये आखलेला आराखडा जामखेडमध्ये चालला नाही.

गावांत परिचारिका पाठवायच्या होत्या. परंतु शिकलेली, शहरी वळणाची, एकटी तरुण मुलगी अनोळखी खेड्यात मुक्काम करायला धजावत नव्हती. धजावली तरी गाव तिला आपली मानत नव्हते. तिने सांगितलेला आहार गावात पिकत नव्हता आणि तिची भाषा पुस्तकी होती. बाळंतपणासाठी तिला बोलावण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्यासाठी गावातली म्हातारी सुईण होतीच. कागदावर निर्दोष असलेली योजना पहिल्याच पायरीवर अडखळली.

तोड सुचवली ती गावकऱ्यांनी. बाहेरची बाई आणण्यापेक्षा गावातलीच एखादी बाई शिकवून तयार का करत नाही, असा प्रश्न एका गावच्या पुढाऱ्याने विचारला. हॉपकिन्सच्या दोन पदवीधरांनी तो ऐकला आणि मानला. ग्राम आरोग्य सेविकेची कल्पना जामखेडमध्ये रुजली ती अशी. चीनमध्ये त्याच सुमारास ‘अनवाणी डॉक्टर’ तयार होत होते हे खरे. पण चीनमध्ये आदेश वरून आला होता आणि जामखेडमध्ये सूचना खालून. हा फरक लहान नाही.

निवडल्या गेलेल्या स्त्रिया कोण होत्या, हे पाहण्याजोगे आहे. बहुतेक निरक्षर. अनेक दलित समाजातील. काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. गावाच्या उतरंडीत ज्यांचा शब्द कोणी ऐकत नव्हते अशा. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र जेवत, एकत्र शिकत आणि परत जात. एका पंगतीत मराठा, धनगर, महार, मांग घरांतील स्त्रिया बसणे ही सत्तरच्या दशकात आपोआप घडणारी गोष्ट नव्हती. पहिल्या काही मुक्कामांत ती अवघडच गेली. शिकवण्याची पद्धत गप्पांची, चित्रांची, गाण्यांची. लिहिता न येणाऱ्यांनी ऐकून लक्षात ठेवले. नाळ कापण्याचे पाते उकळून का घ्यायचे. हगवण लागलेल्या मुलाला पाणी तोडायचे नाही, उलट साखर-मिठाचे पाणी पाजायचे. गरोदर बाईने कमी खावे म्हणजे बाळंतपण सोपे जाते, ही समजूत कशी घातक आहे. हे ज्ञान काही गुपित नव्हते. हॉपकिन्सच्या ग्रंथालयात ते केव्हाचे होते. ते मातीच्या घरापर्यंत नेणारे माणूस तेवढे नव्हते.

जामखेडचे काम उभे राहत असतानाच १९७२ चा दुष्काळ आला. नगर, बीड, उस्मानाबाद, सोलापूर हा पट्टा त्यात भाजून निघाला. ज्या घरांत आजी-आजोबा आहेत त्यांनी सुकडी, खडी फोडण्याची कामे आणि अमेरिकेहून आलेला लाल मिलो यांच्या आठवणी जरूर विचारून घ्याव्यात. येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. ‘पी.एल. ४८०’ या अमेरिकी कायद्याखाली भारताला धान्य विकले जाई आणि त्याचे पैसे रुपयांत जमा होत. त्या रुपयांतला काही वाटा शैक्षणिक विनिमयासाठी वापरण्याची तरतूद होती. म्हणजे एकाच व्यवहाराच्या एका टोकाला रेशनवरचे धान्य आणि दुसऱ्या टोकाला शिष्यवृत्ती.

दुष्काळात आरोळे यांनी औषधांपेक्षा पाण्याकडे आणि मुलांच्या जेवणाकडे आधी लक्ष दिले. कूपनलिका खोदायच्या होत्या. गावांच्या सार्वजनिक विहिरींवर दलितांना पाणी भरता येत नव्हते. तेव्हा बोअरची जागा शक्य तेथे दलित वस्तीत ठरवण्यात आली. पाणी लागले, हातपंप बसला, आणि पाण्यासाठी साऱ्या गावाला त्या वस्तीत यावे लागले. व्याख्याने देऊन जे झाले नसते ते एका हातपंपाच्या जागेने केले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्याने जातिभेद संपला नाही. मात्र पाण्याच्या रांगेचा क्रम बदलला, आणि दुष्काळात रांगेचा क्रम ही क्षुल्लक बाब नसते.

परिणाम आकड्यांत दिसू लागले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. पाच वर्षांत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास आले आणि नव्वदच्या दशकात ३० च्याही खाली गेले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातील लोकाधारित आरोग्यप्रयोगांवर केनेथ न्यूएल यांनी संपादित केलेले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात चीन, क्यूबा, टांझानिया यांच्या बरोबरीने जामखेडवर एक प्रकरण होते. सप्टेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत कझाकस्तानातील अल्मा-अता येथे ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली. तिच्या पार्श्वभूमीला जे मोजके अनुभव होते त्यांत जामखेडचा समावेश केला जातो. कार्ल टेलर त्या जाहीरनाम्याच्या मसुद्याशी निगडित होते. १९७९ मध्ये रजनीकांत आणि मेबल यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

नारंगवालचे काय झाले, हेही पाहावे. टेलर यांचा तो प्रकल्प शास्त्रीयदृष्ट्या भक्कम होता. पण तो अमेरिकी विद्यापीठाचा होता. बांगलादेश युद्धानंतर भारत-अमेरिका संबंध बिघडले, परदेशी संशोधकांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आणि १९७४ मध्ये नारंगवाल बंद पडले. त्याचे निष्कर्ष ग्रंथांत राहिले. टेलर यांच्या विद्यार्थ्यांचे जामखेड मात्र चालत राहिले, कारण ते जामखेडच्या बायकांच्या हाती होते. गुरूचा प्रयोग राजकारणाने मोडावा आणि शिष्यांचा टिकावा, यात दोघांच्या गुणवत्तेचा प्रश्न नाही. प्रयोगाची मालकी कोणाकडे, हा प्रश्न आहे.

१९८८ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय आरोग्याची एक मोठी परिषद भरली होती. तेथे जामखेडच्या ग्राम आरोग्य सेविका मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात झुंबरे लखलखत होती. मुक्ताबाईंनी त्यांच्याकडे बोट दाखवून डॉक्टरांची तुलना झुंबरांशी केली : सुंदर, महाग आणि हात न पोहोचणारी. मग त्यांनी सोबत आणलेल्या वातीच्या दिव्याकडे लक्ष वेधले. हा स्वस्त, साधा. पण एका दिव्याने दुसरा लावता येतो, झुंबराने लावता येत नाही. सभागृह उभे राहिले. विनिमय या शब्दाचा पुरता अर्थ लागतो तो येथे. बावीस वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातून दोन डॉक्टर अमेरिकेला शिकायला गेले होते. आता त्याच जिल्ह्यातली खेडूत बाई अमेरिकेत शिकवीत होती.

यापुढे ओघ उलटा झाला. भेट द्यायला येणारे परदेशी पाहुणे सत्तरच्या दशकापासून होतेच. नव्वदच्या दशकात जामखेडला रीतसर प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि विद्यापीठांचे विद्यार्थी अभ्यासक्रमासाठी येऊ लागले. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, युरोप, त्याचबरोबर आफ्रिका आणि आशियातील देश. शंभराहून अधिक देशांतील माणसे आजवर येथे शिकून गेली, असे संस्था सांगते. जामखेडला रेल्वे नाही. पुण्या-मुंबईत उतरलेला विद्यार्थी नगरमार्गे तासन्‌तास रस्त्याने येतो.

येथला वर्ग कसा असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. शिकवणाऱ्यांत डॉक्टर असतात, तशाच ग्राम आरोग्य सेविकाही असतात. बोलणे मराठीत, मधे दुभाषी. वैद्यकाची पदवी घेत असलेला विद्यार्थी जमिनीवर बसून अशा बाईला प्रश्न विचारतो जिने शेकडो बाळंतपणे केली आहेत आणि जिला कधीकाळी सहीसुद्धा येत नव्हती. विद्यार्थी येथे उपचार करायला नव्हे, शिकायला येतात, हे मूळ सूत्र. ते महत्त्वाचे आहे. जगभर ‘स्वयंसेवा’ या नावाखाली श्रीमंत देशांतील अर्धशिक्षित विद्यार्थी गरीब देशांतील रुग्णांवर हात साफ करून घेतात, त्याबद्दल वैद्यकीय नीतिशास्त्रात आज बरीच टीका होते. जामखेडने ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली : पाहुण्याला विद्यार्थ्याच्याच जागी बसवले.

अर्थात सारे निर्मळ नाही. दोन-तीन आठवड्यांत एखाद्याला गाव कळते, हे मानणे भोळेपणाचे आहे. दुभाष्यातून आलेल्या वाक्यात किती गळते, हे भाषांतर करणाऱ्यालाच ठाऊक. आणि येणारा व जाणारा यांची संख्या कधीच समान नव्हती. मेलबर्नचा विद्यार्थी जामखेडला येतो. जामखेडची सेविका मेलबर्नला गेल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच असणार. पासपोर्ट, पैसा आणि इंग्रजी या तीन गोष्टी अजूनही एकाच बाजूला जास्त आहेत.

मेबल आरोळे यांचे सप्टेंबर १९९९ मध्ये निधन झाले. अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या प्रतिष्ठानाने त्यांच्या नावाने एक वार्षिक फेलोशिप सुरू केली : अमेरिकी विद्यार्थ्याने जामखेडला येऊन राहावे आणि शिकावे. फुलब्राइटवर अमेरिकेला गेलेल्या विद्यार्थिनीच्या नावाने अमेरिकेतून जामखेडकडे येणारी शिष्यवृत्ती. रजनीकांत आरोळे मे २०११ मध्ये गेले. विनिमय-व्हिसाच्या नियमाने परतणाऱ्याकडून दोन वर्षे मागितली होती. ते एक्केचाळीस वर्षे राहिले. संस्थेचे काम पुढे त्यांच्या मुलांनी सांभाळले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, तेव्हा ज्या जुन्या अनुभवांचा दाखला दिला गेला त्यांत जामखेड होते.

मेलबर्न विद्यापीठाने जामखेडमधील प्राथमिक आरोग्यसेवा हा स्वतंत्र विषयच पदव्युत्तर अभ्यासक्रमात ठेवला. त्याच्या शीर्षकातच ‘जामखेड’ आहे. समुद्रापलीकडच्या विद्यापीठापर्यंत हे नाव असे पोहोचले. सौताड्याचा घाट चढून ते बीड जिल्ह्यात कितपत पोहोचले, हा प्रश्न अधिक त्रासदायक आहे.

आष्टी-पाटोद्याचे रुग्ण जामखेडच्या रुग्णालयात येत राहिले, हे खरे. बीड जिल्ह्यातच अंबाजोगाईला सत्तरच्या दशकात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, हेही खरे. तरीही २०१९ मध्ये बीडचे नाव देशभर गाजले ते ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तिशी-चाळिशीतल्या अनेक. पाळीत कामाचा खाडा पडतो, खाडा पडला की मुकादम दंड कापतो. पोट दुखते म्हणून खासगी दवाखान्यात जावे, तर कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया सुचवली जाते. वडाळ्याला दोन तरुण डॉक्टरांना पडलेला प्रश्नच येथे उलट्या रूपात उभा होता : व्हायला नको असलेला आजार आणि व्हायला नको असलेला उपचार.

जामखेडची पद्धत येथे का पोहोचली नाही, याची कारणे अनेक आहेत. खासगी वैद्यकाचा बाजार हे त्यांतले उघड कारण. एक कारण मात्र त्या पद्धतीच्या रचनेतच आहे. ग्राम आरोग्य सेविका उभी आहे ती गावावर. तिला शेजारीण ओळखता येते, कारण शेजारीण वर्षभर शेजारी असते. बीडचे ऊसतोड कुटुंब दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड बांधते आणि पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या फडात जाऊन पडते. पाच-सहा महिने गावातल्या सेविकेच्या वहीत नाव असते आणि घराला कुलूप असते. फडावर तिची गाठ घेणारी सेविका नसते. कारण फड हे कोणाचेच गाव नाही. पाटोद्याकडून निघालेल्या अशा कितीतरी गाड्या कोयते, भांडीकुंडी आणि मुले घेऊन सौताड्याचा घाट उतरतात आणि जामखेडवरून पुढे जातात.